ट्रॅकवरच्या स्विफ्टसाठी इंजिन ऑइल: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

गाडी २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल. १,१९७ सीसीचं के-सिरीज इंजिन, टर्बो नाही. रोज नाशिकमध्ये पाथर्डी फाटा ते अंबड एमआयडीसी ये-जा, आणि जमेल तेव्हा तळेगावजवळ नानोलीचा ट्रॅक. ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड आणि टायरची कामं झाली आहेत. राहिलं इंजिन ऑइल, आणि त्यावर जिथे विचारलं तिथे वेगळं उत्तर मिळालं. द्वारकेजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात म्हणाले, ‘रेसिंग’ लिहिलेला डबा न्या. एका मित्राचं म्हणणं, कंपनीच्या पुस्तकात आहे त्या ग्रेडला हात लावू नकोस. आमचे मिस्त्री चाचा तर हातातला पानाही खाली न ठेवता म्हणाले, "वीस-पन्नास टाक बेटा. ट्रॅकवर इंजिन तापतं, जाड ऑइलच टिकतं." वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल.

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण माझ्या इंजिनात ऑइल किती अंशांपर्यंत चढतं, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नाही आणि मलाही नाही. ते कळेपर्यंत नवा डबा घ्यायचा नाही. सध्या आत ५डब्ल्यू-३० आहे. तेच ठेवून आधी मोजायचं.

९ नोव्हेंबर

ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये सँडविच प्लेट बसवली. तिच्यात दोन सेन्सर, एक तापमानाचा आणि एक दाबाचा. गेज स्टिअरिंगच्या उजवीकडे, मान न वळवता दिसतील असे.

पाण्याच्या तापमानावरून ऑइलचा अंदाज बांधता येत नाही. पाण्याला थर्मोस्टॅट आणि रेडिएटर नव्वदीच्या आसपास धरून ठेवतात. ऑइलला या गाडीत वेगळा कूलर नाही, त्यामुळे पाण्याचा काटा जागेवर असताना ऑइल तीस-चाळीस अंश वर गेलेलं असू शकतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही उशिरा बोलतो. दाब अगदी थोड्या पीएसआयवर आल्यावर तो पेटतो, तोपर्यंत बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

१६ नोव्हेंबर

आज संध्याकाळ डब्यावरचे आकडे समजून घेण्यात गेली. ग्रेडचे आकडे एसएई जे३०० या मानकातून येतात.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. ५डब्ल्यू ऑइलची क्रँकिंगची चाचणी उणे ३० अंशांना आणि पंपिंगची उणे ३५ ला होते. १५डब्ल्यूची उणे २० आणि उणे २५ ला, २०डब्ल्यूची उणे १५ आणि उणे २० ला. आपल्याकडे थंडीच्या लाटेत निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेला की पेपरात बातमी येते. म्हणजे २०डब्ल्यूची चाचणीसुद्धा निफाडच्या थंडीपेक्षा कितीतरी खाली होते. नाशिकमध्ये पहिल्या आकड्यावर इंजिन सुरू होणं किंवा न होणं अवलंबून नाही. सकाळी सुरू केल्यावर ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत किती लवकर पोहोचतं, एवढ्यापुरता तो कामाचा.

ट्रॅकसाठी महत्त्वाचा दुसरा आकडा. १०० अंशांना ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. या पट्ट्या रुंद आहेत. पट्टीच्या तळाशी असलेलं ४० आणि माथ्याशी असलेलं ३० यांच्यात नावापलीकडे फारसा फरक उरत नाही, म्हणून ग्रेडपेक्षा कंपनीच्या माहितीपत्रकातला नेमका आकडा पाहायचा.

आणि त्याहून मोलाचा आकडा डब्यावर नसतोच: एचटीएचएस. १५० अंश तापमान आणि प्रचंड कातर (ऑइलचे थर एकमेकांवरून वेगाने घसरणं), म्हणजे फिरत्या बेअरिंगच्या फटीत असते जवळजवळ तशीच परिस्थिती, तेव्हा ऑइलचा दाटपणा किती उरतो, हे तो सांगतो. किमान मर्यादा २० ग्रेडला २.६ मिलीपास्कल-सेकंद, ३० ला २.९, ५डब्ल्यू-४० ला ३.५, ५० ला ३.७. अलीकडच्या कितीतरी पेट्रोल गाड्या ०डब्ल्यू-२० वर चालतात. इंधन वाचवायला ते योग्यच आहे, त्या इंजिनांची रचनाही तशी असते. पण रस्त्यावरच्या ऑइलला तासभर लाल रेषेजवळ फिरायची वेळ येत नाही.

गेजवर दिसतं ते पंपातून निघालेल्या ऑइलचं तापमान. बेअरिंगच्या फटीत तेच ऑइल आणखी तापतं. गेज १३० दाखवत असेल तर १५० अंशांची ही चाचणी कागदावरची राहत नाही.

३० नोव्हेंबर

रस्त्यावरचे आकडे. रोजच्या ये-जामध्ये ऑइल ८५ च्या पुढे क्वचितच जातं, त्रिमूर्ती चौकाच्या गर्दीतसुद्धा. इगतपुरीहून कसारा घाट उतरून पुन्हा चढून आलो, रहदारीबरोबर, नियमात. चढावर ९८. म्हणजे रस्त्यावर पुस्तकातली ग्रेड पुरेशी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र टोचली. घर ते कंपनी अंतर इतकं कमी की ऑइल नीट गरम व्हायच्या आत गाडी बंद होते. तेव्हा ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच साठतं. आठवड्यातून एकदा सिन्नरपर्यंत लांब फेरी मारायची, निदान पाणी तरी उडून जाईल.

७ डिसेंबर

नानोली, ५डब्ल्यू-३० वर. सिन्नर, संगमनेर, चाकणमार्गे आलो. चाकण ते तळेगाव तेवढं नेहमीसारखं सरकत सरकत. भाचा शेजारच्या सीटवर बसायचं म्हणत होता, त्याला पिटमध्ये वही घेऊन बसवला. प्रत्येक सत्रानंतर मी आकडे सांगायचे, त्याने लिहायचे. दुपारी हवा २९ अंश.

पहिल्या सत्रात ऑइल ११८ वर थांबलं. दुसरं सत्र लांबलं तेव्हा १२६, आणि शेवटच्या फेऱ्यांत १३२. काटा अजून चढतच होता, म्हणून एक फेरी निवांत मारून आत आलो. ६,००० आरपीएमला सकाळी ९० अंशांवर ५८ पीएसआय होता, १३२ वर ४१. दर हजार आरपीएमला १० पीएसआय असावा, हा ट्रॅकवरच्या जुन्या लोकांचा ठोकताळा. तो काही कंपनीचा नियम नाही, पण ४१ पाहून समाधान वाटलं नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच होती. जोरात ब्रेक लावून लांब वळणात शिरताना दाबाचा काटा क्षणभर खाली जाऊन परत येत होता. डिपस्टिकवर पातळी खुणांच्या मधोमध. ऑइल घालून वरच्या खुणेपर्यंत आणली, झटके कमी झाले पण थांबले नाहीत. पुढची सत्रं सोडून दिली. भाचा हिरमुसला, "मामा, अजून दोन तास आहेत की." त्याला वहीतलेच आकडे दाखवले.

१० डिसेंबर

इथे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाच औषधाने ते बरे होणार नाहीत.

एक, ऑइल पातळ पडणं. माहितीपत्रकात ४० आणि १०० अंशांना दाटपणा किती, याचे आकडे असतात. त्यावरून वॉल्थरच्या सूत्राने मधलं किंवा पुढचं तापमान काढता येतं. ४० ला ६२ आणि १०० ला १०.५ सेंटीस्टोक असलेलं ५डब्ल्यू-३० घेतलं, तर १३० अंशांना उरतात साधारण ६. ८४ आणि १४ आकड्यांचं ५डब्ल्यू-४० त्याच १३० ला साधारण ८ राहतं. ३० ग्रेडचं ऑइल ८ वर असतं ते ११४ अंशांच्या आसपास. म्हणजे एक ग्रेड वर गेलो की बेअरिंगला सोळा अंश थंड इंजिनात असल्यासारखं ऑइल मिळतं. १२५ आणि १८ वालं १५डब्ल्यू-५० घेतलं तर १३० ला पावणेदहा, जणू ३० ग्रेड १०३ अंशांना. हे गणित करून झाल्यावर पहिल्यांदा वाटलं की आता निवड अंदाजाने होणार नाही.

दोन, ऑइल सरकणं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जेमतेम तीन लिटर ऑइल. ब्रेक लावला की ते पुढच्या भिंतीवर चढतं, वळणात बाजूला पळतं, परातीतल्या पाण्यासारखं. तेवढ्यात स्ट्रेनर, म्हणजे पंप ज्यातून ऑइल ओढतो ती जाळी, उघडा पडला की पंप हवा ओढतो, आणि हवेला कुठलीच ग्रेड नसते. ऑइल जाड केलं तर उलट वरच्या भागातून चेंबरमध्ये परतायला जास्त वेळ लागतो. यावर उपाय चेंबरमध्येच करायचा.

१५ डिसेंबर

चाचांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी सगळे आकडे दोनदा पाहिले. "मग पन्नासच घाल की, तुझ्याच हिशोबाने जास्त बसतंय." प्रश्न बरोबर होता.

माझं उत्तर असं. ही गाडी रोजची आहे. जानेवारीतल्या १० अंशांच्या सकाळी नेहमीचं २०डब्ल्यू-५० साधारण १,१०० सेंटीस्टोक होतं, ५डब्ल्यू-४० साधारण ३७०. जवळपास तिप्पट दाट. तेवढं दाट ऑइल पंपाने रेटलं की दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बराचसा प्रवाह तिथूनच परत फिरतो. गेजवर दाब भरपूर दिसतो, कॅमशाफ्टला ऑइल उशिरा पोहोचतं. या इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि व्हीव्हीटीही (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा), त्यांच्या बारीक वाटा पातळ ऑइल धरून आखलेल्या. शिवाय दाट ऑइल घुसळताना ते स्वतःच तापतं, म्हणजे जाड ग्रेडचा थोडा फायदा ती ग्रेडच खाऊन टाकते.

चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की वीस-पन्नास ज्या इंजिनांत ते आयुष्यभर टाकत आले, त्यांच्या बेअरिंगच्या फटीच मोठ्या होत्या. हे माझ्या सगळ्या गणितापेक्षा नेमकं होतं. फट जेवढी बारीक तेवढं पातळ ऑइल तिथे पुरतं. माझं इंजिन त्या काळातलं नाही. ठरलं: एक ग्रेड वर, ५डब्ल्यू-४०, आणि चेंबरचं काम आधी.

२८ डिसेंबर

चेंबर उतरवला. सातपूरच्या एका शेडमध्ये दोन मिलीमीटर पत्र्याचे बॅफल (ऑइल अडवणाऱ्या आडभिंती) लेझरने कापून आर्गन वेल्डिंगने आत बसवले. स्ट्रेनरभोवती बंदिस्त खोली, तिच्या भिंतींना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. ऑइल आत येऊ शकतं, वळणात बाहेर पळू शकत नाही. वेल्डिंगनंतर चेंबर वाकला आहे का हे सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहिलं, पाणी भरून गळती पाहिली, आतला प्रत्येक वेल्डिंगचा दाणा घासून काढला. सुटलेला एक दाणा पंपात गेला तर एवढी सगळी मेहनत इंजिनावरच उलटेल.

चेंबर बसवताना लिक्विड गॅस्केट पातळ आणि सलग ओढलं. चाचांनी तीन वेळा बजावलं होतं: जास्त लावलं की ते दाबून आत येतं, सुटतं आणि स्ट्रेनरच्या जाळीत अडकतं. रात्रभर सुकू दिलं.

४ जानेवारी

खरेदी. ‘फुल सिंथेटिक’ या शब्दांवर थांबलो नाही. त्या नावाखाली खनिज तेलावर हायड्रोक्रॅकिंगची प्रक्रिया करून केलेलं तिसऱ्या गटाचं बेस ऑइलही येतं आणि चौथ्या गटाचं पीएओ, म्हणजे रसायनांतून घडवलेलं बेस ऑइलही. तिसऱ्या गटातली चांगली ऑइलं उत्तम चालतात, त्यामुळे शब्दापेक्षा माहितीपत्रक वाचायचं. मी पाहिलं ते असं: एसीईए ए३/बी४ हे युरोपीय मानक, कारण त्यात एचटीएचएस किमान ३.५ लागतं. नोआक, म्हणजे २५० अंशांना तासाभरात किती टक्के उडून जातं, ते ए३/बी४ मध्ये १३ टक्क्यांच्या आत असावं लागतं. निवडलेल्या ऑइलचं त्याहून कमी आहे. एपीआय एसपी, ही अमेरिकी मानकातली श्रेणी २०२० मध्ये आली. १०० अंशांना १४.० सेंटीस्टोक, पट्टीच्या मधोमध.

‘रेसिंग’चा डबा परत ठेवला. फक्त शर्यतीसाठीच्या काही ऑइलमध्ये डिटर्जंट कमी आणि जस्त-फॉस्फरस जास्त असतं. शर्यतीनंतर लगेच ऑइल काढणाऱ्यांना ते चालतं. रोजच्या थंड, छोट्या फेऱ्यांत साठणारं आम्ल आणि ओल झेलायला डिटर्जंट लागतं, आणि फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. वरून ओतायच्या बाटल्याही घेतल्या नाहीत. ऑइलमधली रसायनं एकमेकांशी तोलून बसवलेली असतात, तो तोल मी बिघडवणार नाही.

एका दुकानात तोच डबा खूपच स्वस्त मिळत होता. झाकणाचं सील सैल, बॅच नंबर पुसट. नकली ऑइलचा धंदा मोठा आहे. अधिकृत वितरकाकडूनच घेतला, पक्क्या बिलासह.

११ जानेवारी

इंजिन गरम करून जुनं ऑइल सोडलं, नवा फिल्टर, ड्रेन प्लगला नवा वॉशर, टॉर्क पान्याने घट्ट. पातळी वरच्या खुणेला टेकेल इतकीच. त्याहून जास्त भरलं तर क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस करतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.

निघालेलं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलं. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. कंपनीतलं वापरलेलं ऑइल नेणारी अधिकृत गाडी येते, तिच्याबरोबर देणार. आपल्या औद्योगिक वसाहतींचं पाणी नासर्डीत आणि तिथून गोदावरीत जातं. गटारात ओतलेलं ऑइल कुठे पोहोचतं हे नाशिककराला वेगळं सांगायला नको.

१८ जानेवारी

नानोली, ५डब्ल्यू-४० आणि नवा चेंबर. हवा २८ अंश, म्हणजे तुलना बऱ्यापैकी सरळ. भाचा वही घेऊन हजर.

ऑइल ९० च्या वर जाईपर्यंत ४,००० च्या पुढे नेलं नाही. लांब सत्रात काटा १३० पर्यंत गेला. म्हणजे तापमान जवळपास तेवढंच. ऑइल बदलून इंजिन थंड होत नाही, हे अपेक्षितच होतं. दाब मात्र ६,००० ला ५१. आणि ज्या वळणात काटा झुकायचा तिथे तो हलला नाही. दोन-तीन फेऱ्या मुद्दाम तिथे ब्रेक उशिरा लावून पाहिलं, काटा स्थिर. तेव्हा जे हायसं वाटलं ते लॅप टाइम कमी झाल्यावर कधी वाटलेलं नाही.

प्रत्येक सत्रानंतर एक निवांत फेरी, मग गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटांनी डिपस्टिक. दिवसभरात पातळी किंचित खाली आली. भरायला जवळ एक लिटर होतंच.

संध्याकाळी गरम इंजिनातून नमुना घेतला. सुरुवातीची धार जाऊ दिली, मधली स्वच्छ बाटलीत.

३१ जानेवारी

मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. १०० अंशांना १४.० चे १२.९ सेंटीस्टोक झाले. अजून ४० ग्रेडमध्ये आहे, पण काठाजवळ. कारणं दोन. ५ ते ४० एवढा पल्ला गाठायला जे पॉलिमर घालतात ते कातरून तुटतात, आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन जास्तीचं पेट्रोल घेतं, त्यातलं थोडं रिंगांवरून खाली येतं. इंधनाचं प्रमाण अहवालात कमी आहे, म्हणजे मुख्य वाटा पॉलिमरचा.

लोह, शिसं, तांबं कमी. बेअरिंगची झीज नाही. सिलिकॉन थोडं जास्त. सिलिकॉन वाढलं की पहिला संशय धुळीवर, म्हणून एअर फिल्टर आणि त्याचा पाइप काढून तपासला. दोन्ही नीट. नवीन लिक्विड गॅस्केटमधूनही सिलिकॉन येतं आणि चेंबर नुकताच बसवलाय. पुढच्या नमुन्यात ते उतरलं तर गॅस्केटचं, वाढलं तर धुळीचं.

८ फेब्रुवारी

निर्णय लिहून ठेवतो. ऑइल हेच. कंपनी रस्त्यासाठी १०,००० किलोमीटर म्हणते, मी दर दोन ट्रॅक दिवसांनंतर बदलणार, किलोमीटर कितीही झालेले असोत. १२.९ चा आकडा पाहिल्यावर यात ओढाताण करावीशी वाटत नाही. गेजवर १३० दिसलं की सत्र संपलं.

एप्रिल-मे मध्ये हवा ४० ला जाईल तेव्हा १३० फार लवकर येईल. ग्रेड अजून वाढवण्यापेक्षा छोटा ऑइल कूलर बसवणार, थर्मोस्टॅटवाल्या सँडविच प्लेटसह. थर्मोस्टॅट नसेल तर अंबडच्या छोट्या फेऱ्यांत ऑइल कधीच तापणार नाही. कूलर आणि पाइपमुळे एकूण ऑइलही थोडं वाढेल, तीन लिटरच्या चेंबरला ते हवंच आहे. पुढच्या ग्रिलमागे, रेडिएटरच्या वाऱ्यात न येणारी जागा मोजली आहे. कधीतरी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या सर्किटवर जायचं आहे, तिथे लांब सरळ पट्ट्यांवर हे सगळं पुन्हा मोजावं लागेल.

भाच्याने त्याच्या मित्राच्या टर्बो पोलोत हेच ५डब्ल्यू-४० घालू का, असं विचारलं. त्याला सांगितलं, ग्रेड तीच असली तरी आधी डब्यावर फोक्सवॅगनची ५०२ ०० ही ऑइलची मान्यता आहे का ते बघ. टर्बोच्या शाफ्टवर ऑइल भाजून निघतं, आणि सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनात पेट्रोलही जास्त मिसळतं, त्याचे आकडे वेगळे येणार. गेज मात्र माझ्याकडे एक जादा आहे, ते घेऊन जा म्हटलं.